महागडा लायटर आणला म्हणून भात लवकर शिजत नाही: गाडीला स्पार्क प्लग कुठला टाकायचा?

ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, सगळ्या पंपांवर आल्यापासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या गप्पाच बदलल्यात. आधी कोणाची गाडी किती देते याच्या बढाया असायच्या, आता कोणाची किती कमी देते याच्या तक्रारी असतात. आणि त्यात हमखास एक जण निघतो जो म्हणतो, "अरे इरिडियम प्लग टाकून घे, मायलेज परत येतं." दुसऱ्याने कुठूनतरी ऐकलेलं असतं की ई२० साठी म्हणे वेगळाच प्लग आलाय. तिसऱ्याची गाडी सीएनजीवर, त्याला एका गॅरेजवाल्याने सांगितलंय की गॅसला "गरम" प्लग लागतो आणि दुसऱ्या गॅरेजवाल्याने सांगितलंय "थंड". तो बिचारा चहाचा कप हातात धरून दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हेच विचारत फिरतो.

मी मेकॅनिक नाही, आधीच सांगतो. या विषयात पडलो ते स्वतःच्या गाडीमुळे. सेकंडहँड पेट्रोल हॅचबॅक घेतली, चार सिलिंडरची, आणि सकाळी थंड असताना चालू केली की मिनिटभर मिसिंग मारायची, म्हणजे तीन पायांवर लंगडत चालल्यासारखी थरथरायची, नंतर आपोआप ठीक. कॉइल बदलून टाका असा सल्ला मिळाला, खर्च चार आकडी. म्हटलं त्याआधी आपण स्वतः एकदा बघू. एका रविवारी शेजारच्या काकांकडून प्लग पाना आणला, चारही प्लग काढले आणि पेपरवर ओळीने ठेवले. पहिला, दुसरा, चौथा, तिघांची टोकं मारी बिस्किटाच्या रंगाची. तिसरा मात्र काजळी धरलेल्या कंदिलासारखा काळाकुट्ट, बोट लावलं तर कोरडी काजळी बोटाला आली. मग चष्मा लावून पांढऱ्या चिनीमातीवरचं बारीक छापील वाचलं. तिघांच्या कोडमध्ये आकडा होता ६, तिसऱ्याच्या कोडमध्ये ७. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी एकच प्लग बदलला असणार, सहाचा मिळाला नसणार, आणि सात म्हणजे सहापेक्षा भारीच की असं म्हणून घातला असणार.

हा सात आणि सहाचा घोळ एकदा कळला की प्लगचं बरंचसं कोडं सुटतं.

प्लग नक्की करतो काय

पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण सिलिंडरमध्ये दाबलं जातं, आणि बरोबर वेळेला त्यात ठिणगी पाडायची, एवढंच प्लगचं काम. आपल्या स्वयंपाकघरातला गॅसचा लायटर आणि हा सख्खे भाऊ आहेत. कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टचे वीस-तीस हजार व्होल्ट करते, ते प्लगच्या मधल्या दांडीतून खाली येतात आणि टोकापासून समोरच्या वाकड्या पट्टीवर उडी मारतात. मधली दांडी आणि बाहेरची पट्टी या दोघांना इलेक्ट्रोड म्हणतात, मी सरळ "टोक" आणि "पट्टी" म्हणणार आहे.

ही उडी किती वेळा? इंजिन ३००० आरपीएमला फिरत असेल तर दर दोन फेऱ्यांत एकदा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा, आणि ते एका सिलिंडरचं झालं. शहरात साधारण २००० आरपीएम आणि ताशी ४० चा वेग धरला तर किलोमीटरला दीड हजार ठिणग्या होतात. ४० हजार किलोमीटरमध्ये सहा कोटी. प्रत्येक ठिणगी टोकाचा धातूचा एखादा कण खाते. त्यामुळे प्लग झिजतो, तो बिघडत नाही तर चपलेसारखा झिजतो, आणि म्हणूनच तो ठराविक अंतराने बदलायचा असतो.

आणि हो, हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांचं. डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतोच, तिथे हवा इतकी दाबतात की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. डिझेलवाल्यांचा "हीटर प्लग" म्हणजे थंडीत चालू करायला मदत करणारी वेगळी वस्तू.

आधी मापं, बाकी सगळं नंतर

दुकानात गेल्यावर "हा पण बसतो" हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. बसणं आणि चालणं यात फरक आहे. प्लगच्या आट्यांचा व्यास असतो, बहुतेक जुन्या-मध्यम गाड्यांत १४ मिलिमीटर, बऱ्याच नवीन इंजिनांत १२ किंवा १० सुद्धा. व्यास चुकला तर प्लग बसणारच नाही, त्यामुळे ती चूक होत नाही. चूक होते ती आट्यांच्या लांबीत. व्यास तोच, पण एकाचे आटे १९ मिलिमीटर लांब, दुसऱ्याचे २६.५. आखूड घातला तर ठिणगी बोळकांडीत पडते आणि हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, खालच्या उघड्या आट्यांत काजळी भरते, मग पुढच्या वेळी बरोबर लांबीचा प्लग आत जाताना अडतो. लांब घातला तर नको तेवढा आत जातो, आणि पिस्टनची वर यायची जागा तिथेच असते. एकदा ठोकला गेला की प्लगच्या दीडशे रुपयांचा विषय राहत नाही, इंजिनच्या कामाचा होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे कोडमधला आर. याचा अर्थ प्लगच्या आत रेझिस्टर आहे, साधारण पाच हजार ओमचा. तो ठिणगीमुळे होणारा विजेचा खरखराट दाबतो. जुन्या गाडीत आर नसला तर फार तर रेडिओ खरखरेल, पण आजच्या गाडीत सगळा कारभार ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा कॉम्प्युटर, चालवतो आणि त्याच्या सेन्सरच्या वायरींत असला गोंगाट शिरायला नको. कंपनीने आर सांगितला असेल तर आरच घ्यायचा.

गरम प्लग, थंड प्लग: सगळ्यात जास्त गोंधळ इथे

गरम प्लगची ठिणगी गरम असते आणि थंड प्लगची थंड असं बहुतेकांना वाटतं. मलाही वाटायचं. ठिणगीचा काही संबंध नाही. हीट रेंज म्हणजे प्लगच्या टोकाला बसलेली उष्णता किती लवकर बाहेर पडते याचं माप.

दादरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी थांबली आणि लोंढा उतरला असं समजा. पूल तुमच्या डब्यासमोरच असेल तर गर्दी दोन मिनिटांत साफ. पूल पार दुसऱ्या टोकाला असेल तर गर्दी प्लॅटफॉर्मभर रेंगाळते. गर्दी म्हणजे उष्णता. प्लगमध्ये ही उष्णता पांढऱ्या चिनीमातीच्या नाकातून वर चढून आट्यांमार्गे हेडमध्ये आणि तिथून कूलंटच्या पाण्यात जाते. नाक आखूड असेल तर वाट जवळची, उष्णता पटकन निघते, तो थंड प्लग. नाक लांब असेल तर वाट लांबची, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग.

मग सगळे थंडच का नको? कारण टोक थोडं तापलेलं असणं गरजेचं आहे. साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की टोकावर जमणारी काजळी आपोआप जळून जाते, प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साठत जाते, आणि काजळीतून वीज वाहते, मग ती समोर उडी मारण्याऐवजी काजळीवरून घसरत गुपचूप खाली उतरते आणि ठिणगीच पडत नाही. यालाच आपण मिसिंग म्हणतो. उलट बाजूने टोक ८५० अंशांच्या पुढे गेलं तर तेच निखाऱ्यासारखं लाल होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवून देतं. पिस्टन वर येतोय आणि वरून स्फोटाचा दणका, असं सतत झालं तर पिस्टनला भोक पडल्याचीही उदाहरणं आहेत.

म्हणजे चुकीचा थंड प्लग गाडीला त्रास देतो, चुकीचा गरम प्लग इंजिनला मारतो. दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

माझ्या तिसऱ्या सिलिंडरमधला सात नंबर हा एका पायरीने थंड होता. एका पायरीने एवढा फरक पडतो का? हायवेवर पळणाऱ्या गाडीत कदाचित कळलाही नसता. पण माझी गाडी रोज स्टेशनपर्यंत अडीच किलोमीटर जायची आणि तिथेच उभी राहायची, इंजिन नीट तापायच्या आतच बंद. त्यात थंड इंजिनात पेट्रोल मुद्दाम जास्त सोडलं जातं. काजळीला याहून चांगलं सासर कुठलं.

कोड वाचायचा कसा

इथे कंपन्यांनी ग्राहकाची चेष्टाच केलीय. एनजीकेचा बीकेआर६ई-११ घ्या. बीके म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे आणि १६ चा पाना, आर म्हणजे रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचा ११ म्हणजे १.१ मिलिमीटर गॅप. डेन्सोचा त्याच जातीचा प्लग के२०पीआर-यू११, तिथे हीट रेंज आहे २०. बॉशचा एफआर७डीसी, तिथे ७. सहा, वीस आणि सात, तिन्ही जवळपास एकाच पायरीचे.

बरं, आकडे वेगळे एवढंच असतं तरी चाललं असतं. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशमध्ये आकडा वाढला की गरम होत जातो. उलटं! त्यामुळे "सातचा द्या" असं नुसतं म्हणण्याला काही अर्थच नाही, कोणाचा सात ते सांगावं लागतं. जुने मेकॅनिक अजून बॉशच्या प्लगला "मायको" म्हणतात, कारण भारतात ही कंपनी आधी मायको नावाने होती, २००८ मध्ये बॉश झाली, नाशकात चौकाला अजून मायको सर्कलच म्हणतात. तर मायकोच्या आकड्यांवर हात बसलेला मेकॅनिक जपानी प्लगचा आकडा त्याच सवयीने वाचायला गेला तर काय होईल ते तुम्हीच बघा.

एका कंपनीचा प्लग सोडून दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा तर घ्या, काही बिघडत नाही, पण आकडा जुळवून नाही, त्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आपल्या गाडीचं मॉडेल, इंजिन आणि साल टाकून. साल महत्त्वाचं, कारण तेच नाव असलेल्या गाडीत मधल्या काळात इंजिन बदललेलं असतं. आणि सगळ्यात पहिला दाखला गाडीच्या मॅन्युअलचा. इंजिनमधून निघालेला जुना प्लग दुकानात नेऊन "असाच द्या" म्हणणं ही आपली आवडती पद्धत, पण निघालेला प्लग बरोबरच होता हे कशावरून? माझा तिसरा प्लग नेला असता तर चारही सातचे घेऊन आलो असतो.

गॅप म्हणजे ओढ्याची रुंदी

टोक आणि पट्टी यांच्यातलं अंतर म्हणजे गॅप, साधारण ०.७ ते १.१ मिलिमीटर. ओढा ओलांडायचा असेल तर अरुंद जागी सहज उडी मारता येते, रुंद जागी दम लागतो. ठिणगीचंही तसंच. मग अरुंदच का ठेवत नाहीत? कारण अरुंद गॅपमधली ठिणगी एवढीशी असते, तिला आजूबाजूचं मिश्रण कमी भेटतं आणि आग नीट धरत नाही. मोठी गॅप म्हणजे मोठी ठिणगी, पण कॉइलवर जास्त ताण. गाडी बनवणारा याचा मध्य काढून आकडा ठरवतो.

प्लग झिजतो म्हणजे ही गॅप वाढत जाते. ओढा दरवर्षी थोडा रुंद होतो आणि उडी मारणारा तोच. मग चढावर, ओव्हरटेक करताना, एसी चालू असताना गाडी अडखळायला लागते, कारण सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो तेव्हा उडी सगळ्यात अवघड असते. आणि आपण प्लग न बदलता तसंच रेटत राहिलो तर जास्त व्होल्ट काढून काढून कॉइल जाते. दीडशे रुपये वाचवायला गेलो आणि दोन हजारांची वस्तू घालवली, असं बऱ्याच जणांचं होतं.

नवीन टर्बो पेट्रोल गाड्यांत दाब मुळातच जास्त, म्हणून त्यांच्या प्लगची गॅप कमी असते आणि काहींत तर पट्टी सिलिंडरमध्ये कोणत्या दिशेला तोंड करून बसली पाहिजे हेही ठरलेलं असतं. तुमची गाडी टर्बो असेल तर प्रयोग करू नका, कंपनीचा पार्ट नंबर द्या आणि विषय संपवा.

निकेल, प्लॅटिनम, इरिडियम

दुकानात "कॉपर प्लग" म्हणून जो मिळतो त्याचं टोक तांब्याचं नसतं, निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तांबं आतल्या गाभ्यात असतं उष्णता वाहून न्यायला, आणि तसं ते इरिडियम प्लगच्या गाभ्यातही असतंच. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ ला, इरिडियम साधारण २४५० ला. जितका चिवट धातू तितकं टोक बारीक करता येतं. साध्या प्लगचं टोक अडीच मिलिमीटर जाड, इरिडियमचं ०.६ किंवा ०.४ सुद्धा, पेन्सिलच्या शिशापेक्षा बारीक. आणि टोक बारीक असलं की वीज तिथून सहज उडी मारते, पडणाऱ्या विजेपासून बचाव म्हणून इमारतीवर लावतात त्या दांड्याला अणकुचीदार टोक असतं ना, तोच प्रकार. म्हणजे इरिडियमला कमी व्होल्टमध्ये काम भागतं, कॉइलला आराम, आणि तो टिकतोही जास्त. साधा प्लग ढोबळमानाने ३०-४० हजार किलोमीटर, चांगला इरिडियम लाखाच्या आसपास, नक्की आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये असेल.

पण सगळे इरिडियम सारखे नसतात, हे दुकानदार सांगत नाही. काहींत फक्त मधलं टोक इरिडियमचं आणि समोरची पट्टी साध्या निकेलची. त्यात टोक शाबूत राहतं पण पट्टी झिजते, त्यामुळे आयुष्य लाखाचं धरू नका. काहींत पट्टीवरही प्लॅटिनम किंवा इरिडियमची बारीक टिकली जोडलेली असते, ते खरे दीर्घायुषी. बॉक्सवर दोन्हीकडे "इरिडियम" मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं.

पट्टीवरच्या टिकलीला आणखी एक कारण आहे. काही गाड्यांत एकच कॉइल दोन सिलिंडरना वीज देते, तेव्हा एका प्लगमध्ये ठिणगी टोकाकडून पट्टीकडे जाते आणि दुसऱ्यात पट्टीकडून टोकाकडे. म्हणजे अर्ध्या प्लगांची पट्टी जास्त झिजते. अशा इंजिनाला दोन्हीकडे भारी धातू असलेला प्लग सांगितलेला असेल तर एका बाजूचा घालून पैसे वाचवू नयेत.

मग इरिडियमने मायलेज वाढतं ते खोटं का?

झिजलेला साधा प्लग काढून नवीन इरिडियम घातला तर गाडी सुधारते, हे खरंच आहे. पण नवीन साधा घातला असता तरी जवळजवळ तेवढीच सुधारली असती. सुधारणा "नवीन"ची असते आणि श्रेय "इरिडियम"ला जातं. गॅसचा लायटर खराब असेल तर शेगडी पेटायला चार वेळा टकटक करावं लागतं, गॅस वाया जातो. नवीन लायटर आणला की एकदा टक केलं की पेटते. पण एकदा पेटली की भात शिजतो तो गॅसवर, लायटरवर नाही. दोनशेचा लायटर असो की दोन हजारांचा.

हिशेब करून बघू. समजा साधा प्लग १५० चा, चारचे ६००, ४० हजार किलोमीटर. लाखभर किलोमीटरला अडीच वेळा, म्हणजे १५०० आणि मजुरी. दोन्हीकडे टिकली असलेला इरिडियम ८०० चा धरला तर चारचे ३२००, आणि लाखभर बघायला नको. ज्या गाडीत वरून दहाच्या पान्याने कॉइल काढली की प्लग हाताशी येतो तिथे मी साधाच घालीन. ज्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं आणि मजुरीच प्लगपेक्षा जास्त आहे, तिथे इरिडियम परवडतो. आणि कंपनीने इरिडियमच सांगितला असेल तर तो घ्या, कारण कॉइल आणि ईसीयूचं सेटिंग तो प्लग धरून केलेलं असतं, तिथे खाली उतरण्यात शहाणपण नाही.

ई२० ला वेगळा प्लग लागतो का?

माझं उत्तर नाही असंच आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आपल्याच उसातून, मक्यातून, तांदळातून काढलेलं. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. म्हणून जुन्या गाडीचं मायलेज थोडं घटणारच, नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच शून्य इथेनॉलसाठी बनलेल्या आणि ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरलेली आहे. जी ऊर्जा टाकीतच आली नाही ती प्लग कुठून आणणार? सिलिंडरमधला गॅसच हलका असेल तर लायटर बदलून काय होणार.

इथेनॉल जळताना टोक उलट जरा थंडच राहतं, ते बाष्प होताना जास्त उष्णता ओढून घेतं म्हणून. म्हणजे "ई२० साठी थंड प्लग टाका" हा सल्ला तर अगदीच उलटा. फक्त एक आहे, त्याच कारणाने गारठ्यात गाडी चालू व्हायला किंचित जड जाऊ शकते, आणि प्लग आधीच म्हातारा झाला असेल तर त्याचं म्हातारपण ई२० मध्ये लवकर उघडं पडतं. अशा वेळी बदला, पण तोच नंबर. जुन्या गाडीत ई२० ची खरी काळजी रबरी नळ्या, सील यांची करायची असते, १ एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या दृष्टीने बनवलेल्या आहेत.

सीएनजीवाल्यांनी मात्र हे नीट वाचा

इथे फरक खरा आहे. गॅस आणि हवेच्या मिश्रणातून ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. पेट्रोल द्रवातून बाष्प होताना थोडा गारवा देतं, गॅस आधीच वायू, तो गारवा नाही. त्यामुळे प्लगवर विजेचा ताणही जास्त आणि तापही जास्त, आणि तो लवकर झिजतो. पेट्रोलवर ४० हजार चालणारा साधा प्लग सीएनजीवर तेवढा ओढत नाही, मी तर २० हजारांना काढून बघायला सांगीन.

गॅसला "गरम" प्लग हवा म्हणणारा चुकतोय. ताप आधीच जास्त आहे, त्यात पूल आणखी लांब नेणार का? कंपनीतून सीएनजी आलेल्या गाडीला मॅन्युअलमधला सीएनजी मॉडेलचा कोड बघा, तो पेट्रोल मॉडेलपेक्षा वेगळा असू शकतो. बाहेरून किट बसवलेलं असेल तर मूळ हीट रेंजच ठेवा आणि गॅप थोडी कमी करून घ्या, १.१ ची असेल तर ०.९ च्या आसपास. बरेच किटवालेही हेच करतात. पेट्रोलवर गाडी मस्त आणि गॅसवर टाकली की झटके, असं होत असेल तर किटला शिव्या घालायच्या आधी प्लगची गॅप मोजा. बारीक टोकाच्या इरिडियमचा खरा फायदाही इथेच दिसतो, कमी व्होल्टमध्ये उडी.

गॅप कमी करताना फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवायची, फिलर गेजच्या पात्याने मोजायची. मधल्या टोकाला हात लावायचा नाही. इरिडियमचं बारीक टोक ठिसूळ असतं, पाना टेकवला की तुटतं.

"पॉलिश पेपर मारून चालतंय की"

स्कूटरच्या जमान्यात आपण सगळ्यांनी केलंय हे, रस्त्याच्या कडेला प्लग काढायचा, पेपर मारायचा, फुंकर घालायची, परत. वाट चुकल्या रात्री घरी पोचायला ठीक आहे. पण झिजलेला धातू पेपर मारून परत येत नाही. तारेच्या ब्रशने घासलं तर चिनीमातीवर धातूच्या रेघा राहतात आणि वीज त्यावरूनच घसरते. इरिडियम-प्लॅटिनमला तर पेपर लावूच नका, त्या बारीक टोकासाठीच पैसे मोजलेत ना.

आणि एकच बदलायचा नाही, सगळे एकदम. त्याचं उदाहरण वर दिलंच आहे.

डुप्लिकेट ओळखायचा कसा

इरिडियम हा सोन्याच्या पंगतीत बसणारा महाग धातू आहे, त्यामुळे कोणी "इरिडियम, दीडशेला" म्हटलं तर हसून पुढे चला. ओरिजिनलची छपाई स्वच्छ असते, आटे गुळगुळीत, पट्टी बरोबर टोकाच्या समोर मध्यावर. खालचा वॉशर सहसा हाताने ओघळून पडत नाही. चारही प्लग शेजारी धरून गॅप बघा, डोळ्यालाच कमीजास्त दिसली तर परत करा. एनजीकेच्या बॉक्सवर निटेरा असं नाव दिसलं तर मात्र दचकू नका, २०२३ मध्ये कंपनीने स्वतःचं नाव बदललंय, प्लगवर एनजीकेच असतं. मी पुण्यात नाना पेठेत गेलो होतो तेव्हा पक्कं बिल मागितल्यावर एका काउंटरवरचा माल बदलून आतून दुसरा बॉक्स आला. मी काही बोललो नाही, दुसऱ्या दुकानातून घेतले.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड पाहिजे. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे सोबत येऊ शकतात. कॉइल काढल्यावर खड्ड्यातली धूळ फुंकून घ्या, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडते. नवीन प्लग पहिले चार-पाच फेरे बोटांनीच फिरवायचा, अडला तर जोर नाही लावायचा, उलटा काढून परत सरळ धरायचा. वॉशर टेकला की १४ मिलिमीटरच्या नवीन प्लगला अर्धा ते पाऊण फेराच्या आत बास, टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियम हेडला २५ ते ३० न्यूटन मीटर. १२ आणि १० मिलिमीटरच्या प्लगला याहून बरंच कमी.

ढिला ठेवणंही तेवढंच वाईट. उष्णता जाते ती त्या वॉशर आणि आट्यांतून, तिथेच नीट टेकला नाही तर पूलच बंद, आणि बरोबर नंबरचा प्लगही चुकीच्या गरम प्लगसारखा वागतो. आट्यांना ग्रीस लावायची सवय असेल तर सोडा, ग्रीसने पाना हलका फिरतो आणि आपण न कळत जास्त आवळतो. फरशीवर पडलेला प्लग वापरायचा नाही, आतल्या चिनीमातीला गेलेली चीर बाहेरून दिसत नाही.

जुने फेकायच्या आधी

काढताना सिलिंडरच्या क्रमानेच ठेवा. बिस्किटी किंवा राखाडी रंग, झकास. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, किंवा फिरणं फार कमी, किंवा माझ्यासारखा चुकीचा नंबर. पांढराफटक आणि फोड आलेला म्हणजे ताप जास्त, तो दिसला तर गाडी चालवत राहू नका. चिनीमातीच्या वरच्या भागावर, लोखंडाला लागून एक तपकिरी रिंग दिसते ती बघून बरेच मेकॅनिक "प्लग लीक झालाय साहेब" म्हणतात. ते बहुतेक वेळा लीक नसतं, एवढ्या व्होल्टमुळे हवेतले तेलाचे कण तिथे ओढले जाऊन बसतात, पाच-दहा हजार किलोमीटरनंतर ती रिंग चांगल्या प्लगवरही येते.

आणि ओला, तेलकट काळा दिसला तर दोन जागा वेगळ्या करून बघा. तेल फक्त वरच्या खड्ड्यात, पांढऱ्या भागावर असेल तर टॅपेट कव्हरचं पॅकिंग किंवा प्लगच्या नळीचं सील गेलंय, किरकोळ काम. तेल खालच्या टोकावर असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय. इथे काही जण "एक नंबर गरम टाका, तेल जळून जाईल" असा सल्ला देतात. तेल जळेल, मिसिंग महिनाभर थांबेल, आणि तेवढ्यात गाडी विकून टाकायची असते. पुढचा मालक मग तो प्लग काढून पेपरवर ठेवतो आणि चष्मा शोधतो.